दमट उकाड्यात विजेचं बिल कसं उतरवायचं? आधी छप्पर, मग पंखा, एसी सगळ्यात शेवटी

कारवार, मडगाव, पणजी, सावंतवाडी, वेंगुर्ले या पट्ट्यात मार्च महिना लागला की घरोघरी दोनच विषय निघतात. एक उकाडा आणि दुसरा विजेचं बिल. तापमापकाकडे पाहिलं तर तसं काही भयंकर दिसत नाही. पणजीत मे महिन्यातलं कमाल तापमान सरासरी ३३ अंशांच्या आसपासच राहतं. इंदूर-ग्वाल्हेरची माणसं चाळिशीच्या वरचं ऊन सोसतात, पण किनाऱ्यावर पाहुणी आली की दोन दिवसांत ‘नको तुमचा हा घाम’ म्हणून परतीची गाडी बघू लागतात. फरक आहे तो हवेतल्या ओलाव्याचा. घाम येतो, पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग गार होत नाही.

या फरकाचा थेट संबंध खिशाशी आहे. घर गार ठेवण्याचे बरेचसे सल्ले कोरड्या हवेच्या गावांत जन्माला आलेले असतात. आपली नातीगोती सीमेच्या सगळ्या बाजूंना पसरलेली, त्यामुळे ते सल्ले आपोआप आपल्यापर्यंत येतात. बडोद्याचे काका म्हणतात कूलर घ्या, बेळगावची आत्या म्हणते रात्रभर खिडक्या उघड्या टाका. दोघांचंही त्यांच्या गावापुरतं खरं आहे. किनाऱ्यावर मात्र त्यातला एक सल्ला पैसे वाया घालवतो आणि दुसरा अर्धवटच लागू पडतो.

कूलरचंच घ्या. कूलर हवा गार करतो ते पाणी वाळवून. बाहेर ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर कूलरमधून २६-२७ अंशांची हवा मिळू शकते, म्हणजे तेरा-चौदा अंशांचा फायदा. तोच कूलर ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत लावला तर हवा फार तर ३० अंशांपर्यंत उतरते आणि खोलीतली आर्द्रता नव्वदीच्या पुढे जाते. तीन अंश कमावले आणि चिकचिक वाढवली, असा तो व्यवहार. गादीला वास, कपाटाला बुरशी, ते वेगळंच.

रात्रीच्या खिडक्यांचंही तसंच. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर आहे, तिथे एप्रिलातही पहाटे तापमान विशीच्या आसपास उतरतं. दिवसभर तापलेल्या भिंतींना त्या हवेत निवायला वाव मिळतो. पणजीत मे महिन्यात रात्रीचं किमान तापमानच २६ अंशांच्या वर असतं. खिडक्या उघडल्या तर वारा लागतो, बरं वाटतं, पण भिंती आणि स्लॅब फारसे निवत नाहीत. म्हणून दमट प्रदेशात खरी युक्ती एकच उरते: उष्णता आत येऊच द्यायची नाही. एकदा आत आलेली उष्णता बाहेर काढण्यासाठी प्रत्येक युनिटचे पैसे मोजावे लागतात.

छपरावर सगळ्यात आधी खर्च करा

आपण विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ आहोत, हे घर बांधताना फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. पणजी साडेपंधरा अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिथे सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सरळ उभ्या खांबाची सावली काही क्षण पायाशीच विरते. नेमका हाच सगळ्यात कडक उन्हाळ्याचा काळ. म्हणजे त्या दिवसांत ऊन सगळ्यात जास्त पडतं ते छपरावर. त्यानंतर पूर्व-पश्चिमेच्या भिंतींवर. दक्षिणेच्या भिंतीची आपल्याकडे फार चर्चा होते, पण तिच्यावर खरं ऊन येतं ते डिसेंबरात, जेव्हा त्याची तक्रार नसते.

एकमजली घरात किंवा इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. सिमेंटचा स्लॅब दुपारी तापतो आणि ती उष्णता खालच्या बाजूला पोचायला त्याला तीन-चार तास लागतात. बाहेर सूर्य मावळलेला, समुद्रावरून वारा सुटलेला, आणि घरात छताखाली हात धरला तर तव्याची आठवण यावी अशी स्थिती. रात्री दहा वाजता एसी सुरू करतो तेव्हा तो बाहेरच्या हवेशी कमी आणि डोक्यावरच्या स्लॅबशी जास्त झगडत असतो. पंखा लावला तर तीच तापलेली हवा खाली ढकलली जाते.

आकड्यांत बोलायचं तर केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ नावाची घरांसाठीची ऊर्जासंहिता आणली. छपरातून किती उष्णता आत झिरपावी याचा एक आकडा तिने ठरवून दिला आहे, तो आहे १.२. हा आकडा जितका लहान तितकं छप्पर चांगलं. आपल्याकडचा नेहमीचा पाच इंची उघडा स्लॅब तीनच्या वर असतो. म्हणजे संहितेला चालेल त्याच्या अडीच-तीनपट उष्णता आपण रोज घरात घेतो. राज्याने आपल्या बांधकाम नियमांत घेतल्याशिवाय ही संहिता घरमालकावर बंधनकारक होत नाही. पण नकाशा काढताना ते आकडे समोर ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

उपाय स्वस्तातून महागाकडे सांगतो. सर्वात स्वस्त म्हणजे गच्चीला पांढरा रंग. चुना असो की बाजारात मिळणारं उष्णता परतवणारं रसायन, पांढरा पृष्ठभाग ऊन शोषण्याऐवजी परतवतो आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडल्याचे अनुभव देशभर आहेत. तेलंगणाने तर २०२३ मध्ये यासाठी स्वतंत्र ‘कूल रूफ’ धोरणच केलं, त्यामुळे हैदराबादच्या आपल्या वाचकांना हा विषय नवा नाही. मात्र हैदराबादची गच्ची आणि मडगावची गच्ची यांत एक अडचण आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस झाला की चुना दिवाळीपर्यंत धुऊन जातो आणि जो रंग टिकतो त्याच्यावर शेवाळ चढतं. काळी पडलेली पांढरी गच्ची ही पांढरी नसतेच. म्हणून किनाऱ्यावर हा खर्च एकदाचा न धरता दरवर्षीचा धरा: पाऊस संपल्यावर घासून धुणं, आणि फेब्रुवारीत एक हात. चुन्याचा खर्च इतका कमी आहे की दरवर्षी केला तरी परवडतो. महाग रसायन घेणार असाल तर शेवाळाविरुद्ध ते किती टिकतं, हे लेखी विचारा.

दुसरा पर्याय म्हणजे चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी, जी गुजरातेत घरोघरी दिसते. ती टिकते, घासून स्वच्छ होते. पुन्हा करावी लागत नाही. आपले गवंडी गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करतात तो मूळचा गळतीसाठी. उष्णतेला त्याने थोडा अडसर होतो, पण १.२ चा आकडा एकट्या कोब्याने गाठता येत नाही. कोब्याखाली फोमचा दोन इंची दाट थर घातला तर आकडा एकच्या खाली येतो. नवीन बांधकामात हे काम जलरोधकाबरोबरच उरकतं. जुन्या गच्चीवर नंतर करायचं तर कोबा फोडावा लागतो आणि खर्च वाढतो. घर बांधणाऱ्याने टाइल्सच्या डिझाइनवर दोन बैठका कमी घेतल्या आणि एक या थरावर घेतली, तर पुढची तीस वर्षं फायदा होतो.

तिसरा उपाय आपल्याकडे लोक न ठरवताच करतात. स्लॅब गळायला लागला की त्यावर पत्र्याची शेड घालतात. गोवा आणि सिंधुदुर्गात तर हे जवळजवळ प्रत्येक वाड्यावर दिसेल. पावसासाठी घातलेली ही शेड उन्हासाठीही उत्तम छत्री ठरते, अट एवढीच की तिच्या बाजू उघड्या हव्यात आणि वरची गरम हवा निघून जायला माथ्यावर फट हवी. पुष्कळदा होतं काय, शेड झाली की चारी बाजूंनी पत्रे ठोकून तिथे अडगळीची खोली करतात. मग ती खोली भट्टी होते आणि स्लॅब तापायचा तो तापतोच. पत्रा निळा-हिरवा घेण्यापेक्षा पांढरा किंवा फिकट घ्या. पंचायत किंवा पालिकेची परवानगी मात्र आधी बघा, कारण पुष्कळ ठिकाणी शेडला मजला समजून नोटिसा जातात.

कौलांबद्दल थोडं लांबवून सांगायला हवं, कारण इथे आपली फसगत होते. बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना सुरू केला १८६५ मध्ये, आणि पुढे हे कौल सगळ्या किनाऱ्यावर पसरलं. वासे, रिपा आणि त्यावर कौलं या रचनेत सांध्यासांध्यांतून हवा खेळते. गरम हवा वर जाते आणि कौलांच्या फटींतून निघून जाते. माळा असेल तर खालच्या खोलीला आणखी एक आडोसा मिळतो. लाकूड महाग झालं, वाळवी लागू लागली, माकडं कौलं फोडू लागली, म्हणून लोकांनी स्लॅब घातला, यात कुणाला दोष देता येत नाही. पण हल्लीच्या बंगल्यांत उतरता सिमेंटचा स्लॅब घालून त्याच्यावर सिमेंटनेच कौलं चिकटवतात. दिसायला कौलारू, वागायला स्लॅब. तोच स्लॅब, तीच कौलं, फक्त मध्ये रिपा ठोकून दोन-तीन इंचांची पोकळी ठेवली आणि तिला खाली-वर तोंडं ठेवली, तर वारा मधून वाहतो आणि स्लॅब सावलीत राहतो. खर्चात फार मोठा फरक नाही. ठेकेदाराला आधी सांगावं लागतं, इतकंच.

पश्चिमेची भिंत आणि सरकत्या खिडक्या

छपरानंतर पश्चिम. दुपारी तीन ते सहाचं ऊन तिरपं येतं, छज्जा त्याला अडवू शकत नाही. किनाऱ्यावर पंचाईत अशी की दुपारचा खारा वारादेखील त्याच बाजूने येतो. ऊन नको आणि वारा हवा. जुन्या घरांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे पडवी, ओटी, गोव्यातला बल्कांव. आणि उन्हाळ्यात खळ्यात घातला जाणारा झावळ्यांचा मांडव. भिंत उन्हात न ठेवता सावलीत ठेवायची आणि वारा मोकळा सोडायचा. आजच्या घरात तेच काम बाहेरून लावलेल्या बांबूच्या चिका, उभ्या झडपा किंवा जाळीची भिंत करते. चिक बाहेर लावा. काचेच्या आत लावलेला पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. पश्चिमेच्या परसात केळी लावण्याची पद्धत होती तीही वेडेपणाची नव्हती. चिऱ्याची भिंत असेल तर मात्र झाडं चार हात दूर ठेवा, चिरा पाणी पितो.

आता खिडक्या. वर उल्लेखलेल्या संहितेत प्रत्येक हवामानासाठी उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचं किमान प्रमाण दिलं आहे. उष्ण-कोरड्या प्रदेशात घराच्या चटई क्षेत्राच्या १० टक्के पुरतात. उष्ण-दमट प्रदेशात ते प्रमाण १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश आहे. १२० चौरस फुटांच्या खोलीला या हिशेबाने वीस चौरस फूट उघडी जागा हवी. पाच बाय चारची खिडकी ठेवली की झालं, असं वाटतं. पण ती सरकती असेल तर एका वेळी अर्धीच उघडते. उरले दहा फूट. त्यावर डासांची जाळी, तिच्यात अडकलेली धूळ. वारा येणार कुठून? बिजागरीची, पूर्ण उघडणारी खिडकी किनाऱ्यावर पैसे वसूल करते, आणि समोरच्या भिंतीत हवा बाहेर पडायला दुसरं तोंड असेल तरच पहिल्या तोंडातून वारा आत येतो. सरकत्या खिडक्या जागा वाचवतात, स्वस्तही पडतात, हे मान्य. पण त्यामुळे एसी महिनाभर आधी सुरू होत असेल तर तो स्वस्तपणा कितीचा?

पंख्याचा हिशेब

घरातली सगळ्यात फायद्याची खरेदी कुठली, असं कुणी विचारलं तर उत्तर पंखा. दमट हवेत अंगावरून वारा गेला की दोन-तीन अंशांनी गार वाटतं. साधा छताचा पंखा पूर्ण वेगात ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो. बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढ्याच वाऱ्यासाठी ३० वॅटच्या आसपास. ४५ वॅटची बचत ऐकायला किरकोळ वाटते. एक पंखा दिवसाला १५ तास आणि वर्षातले ३०० दिवस चालला तर २०२ युनिट वाचतात. युनिटला ६ रुपये धरले तर बाराशे रुपये. असा पंखा साधारण अडीच ते साडेतीन हजारांना मिळतो, म्हणजे दोन-तीन वर्षांत पूर्ण किंमत फिटते. जुना पंखा बिघडलाच असेल आणि नवा घ्यायचाच असेल तर त्याहून लवकर. २०२३ च्या जानेवारीपासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं झालं आहे, ते बघून घ्या. सगळे पंखे एकदम बदलायची गरज नाही. जास्तीत जास्त तास चालतो तो आधी. पाहुण्यांच्या खोलीतला शेवटी, किंवा कधीच नाही.

कर्नाटकात हा हिशेब आणखी महत्त्वाचा आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, जोयडा इथल्या घरगुती ग्राहकांना गृहज्योती योजनेत २०२२-२३ च्या सरासरी वापरावर १० टक्के वाढ धरून, कमाल २०० युनिटपर्यंत वीज मोफत आहे. स्वतःच्या मर्यादेच्या वर गेलात तर वरच्या युनिटांचे पैसे भरायचे. एकूण वापर २०० च्या वर गेला तर त्या महिन्याचं पूर्ण बिल. एप्रिल-मेत नेमकं हेच होतं. समजा घरात चार जुने पंखे आहेत आणि ते दिवसाला १२ तास चालतात. ते बदलले तर महिन्याला ६५ युनिट कमी होतात. ज्याचा वापर २४० ला पोचत होता तो १७५ वर येतो, आणि पूर्ण बिलाचा महिना टळतो. तेलंगणातही रेशनकार्डधारक पात्र कुटुंबांसाठी २०० युनिटांची अशीच रेघ आहे. फुकट आहे म्हणून कसंही वापरलं तर चालतं, हा समज त्या रेघेपाशी येऊन महागात पडतो.

गोव्यात, महाराष्ट्रात, गुजरातेत टप्प्याटप्प्याने दर वाढतात. तिथे लक्षात ठेवायचं ते हे: वाचलेलं युनिट नेहमी सर्वात वरच्या, म्हणजे सर्वात महाग टप्प्यातून वजा होतं. बचतीचा हिशेब सरासरी दराने करू नका, आपल्या बिलावरच्या शेवटच्या टप्प्याच्या दराने करा. वर मी सहा रुपये धरलेत ते उदाहरणापुरते.

एसी घ्यायचाच असेल तर

एसीला नावं ठेवण्याचा उद्देश नाही. घरात म्हातारं माणूस असेल, दम्याचा किंवा हृदयाचा आजार असेल, तान्हं मूल असेल तर मे महिन्यातल्या चिकट रात्री एसी ही चैन राहत नाही. प्रश्न एवढाच की कुठला आणि कसा.

आधी स्टारचा गैरसमज. एसीच्या लेबलावर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते १६०० तास वापर धरून. समजा तीन स्टारच्या यंत्रावर ९५० आणि पाच स्टारवर ७५० लिहिलं आहे. फरक २०० युनिटांचा, सहा रुपयांनी बाराशेचा. पणजीला किंवा वास्कोला वर्षातले सहा-सात महिने रोज रात्री एसी लावणाऱ्या घरात १६०० तास सहज भरतात. तिथे पाच स्टारसाठी मोजलेले जादा पैसे काही वर्षांत परत येतात. बेळगावात साठ रात्री, सहा-सहा तास लावणाऱ्याचे होतात ३६० तास. त्याची बचत वर्षाला ४५ युनिट, म्हणजे पावणेतीनशे रुपये. त्याने तीन स्टारचा घ्यावा आणि उरलेल्या पैशांत गच्चीचं बघावं. दुकानदार हे सांगणार नाही.

दुसरा गैरसमज टनाचा. मोठा एसी घेतला की लवकर गार होतं, ही गोष्ट खरी. दमट हवेत तोच तोटा ठरतो. एसीला दोन कामं असतात: हवा गार करायची आणि तिच्यातलं पाणी काढायचं. गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटकन गार करून थांबतो आणि पाणी काढायचं काम अर्धवट राहतं. मग खोली गार पण ओलसर, म्हणून आपण तापमान आणखी खाली ओढतो. १२० चौरस फुटांच्या खोलीला साधारण एक टन पुरतो. वर तापलेला स्लॅब असेल तर दीड टन गळ्यात मारला जातो. इथेच छपरावरचा खर्च दुसऱ्यांदा वसूल होतो. इन्व्हर्टर एसी कमी वेगात सतत चालत राहतो, म्हणून दमट गावांत तो बरा.

हवेतलं एक लिटर पाणी काढायला एसीला साधारण एक पंचमांश युनिट वीज लागते. त्यामुळे घरच्या घरी एक चाचणी करता येते. एसीच्या पाण्याच्या नळीखाली रात्री बादली ठेवा. पहिल्या दोन तासांत पाणी जास्त येणं साहजिक आहे, खोलीतली साठलेली ओल निघते. पण पहाटेपर्यंत तेवढ्याच जोराने धार चालू असेल तर बाहेरची दमट हवा कुठून तरी आत शिरते आहे. दाराखालची फट, खिडकीचा सरकता सांधा, न्हाणीघराचा उघडा झरोका, किंवा खोलीत वाळत घातलेले ओले कपडे. दारखालची रबरी पट्टी शे-दोनशे रुपयांत येते. फक्त जी खोली एसीची आहे तीच अशी बंद करा. बाकीचं घर मोकळं राहू द्या, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते.

२०२० पासून स्टारवाले नवे एसी सुरू होताना आपोआप २४ अंशांवर असतात. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या मते एकेक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. २२ ऐवजी २६ ठेवून सोबत पंखा हळू लावला तर वीस टक्क्यांच्या वर बचत होते आणि झोप बिघडत नाही, कारण घामाचा प्रश्न पंखा सोडवतो. जुलै-ऑगस्टच्या कुंद दिवसांत ‘ड्राय’चं बटण वापरून बघा. बाहेरचं यंत्र सावलीत आणि मोकळ्या हवेत हवं. चारी बाजूंनी जाळी लावून कोंडलं तर ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. समुद्रापासून जवळ असाल तर खाऱ्या वाऱ्याने त्याच्या जाळ्या गंजतात, म्हणून तांब्याची, लेप दिलेली कॉइल मागा. मोसमात दर पंधरा दिवसांनी आतल्या जाळ्या धुवा. तो खर्च शून्य आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. आंघोळीची वीस लिटरची बादली २६ वरून ४० अंशांवर न्यायला एक तृतीयांश युनिट लागतं. चार माणसांचं मिळून रोज सव्वा युनिटच्या वर. दिवसभर चालू राहिलेला गीझर याशिवाय नुसतं पाणी गरम ठेवण्यात वीज घालवतो. बटण बंद करण्याची सवय इथे पुरते. फ्रिज भिंतीपासून हातभर नाही तरी चार बोटं दूर ठेवा आणि दाराची रबरपट्टी सैल झाली असेल तर बदला. दमट हवेत तिच्यातून आत गेलेली ओल बर्फ होऊन बसते.

सौर पॅनेल

सौर पॅनेलचा विचार इतक्या उशिरा का, असं वाटेल. कारण आधी वापर उतरवला तर कमी किलोवॅटचं पॅनेल पुरतं. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्यासाठी १८ हजार, असं जास्तीत जास्त ७८ हजारांचं अनुदान आहे. त्यापुढच्या किलोवॅटला अनुदान नाही. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चारेक युनिट मिळतात. पावसाळ्यात अर्थातच कमी. उंच सांगाड्यावर बसवलं तर स्लॅबला सावलीही मिळते. कर्नाटकात ज्यांची वीज गृहज्योतीत मोफत बसते त्यांना पॅनेलचा पैसा वसूल व्हायला फार काळ लागेल, त्यांनी घाई करू नये. गोव्यात मोठं बिल भरणाऱ्या घरांचं गणित वेगळं आहे.

भाड्याने राहत असाल तर

वर्णा, कुंडई, वास्कोच्या कारखान्यांत काम करणारी कितीतरी बेळगावी, चंदगडी, सावंतवाडीची मुलं पत्र्याच्या किंवा गच्चीखालच्या खोल्यांत भाड्याने राहतात. छप्पर त्यांचं नाही, बिल त्यांचं आहे. घरमालकाला पाच वर्षांनंतरच्या फायद्यात रस नसतो, कारण वीज तो भरत नाही. अशांनी उचलून नेता येईल तेवढंच घ्यावं: स्वतःचा बीएलडीसी पंखा, जो खोली सोडताना काढून नेता येतो, बाहेरून बांधायची बांबूची चिक, दाराची पट्टी. पत्र्याला आतून पांढऱ्या रंगाचा उपयोग नाही, बाहेरून हवा. त्याचं सामान भाडेकरूने आणायचं आणि परवानगी मालकाने द्यायची, असा तोडगा बहुतेक ठिकाणी निघतो, कारण रंगाने पत्रा गंजतही कमी.

खर्च करण्याआधी आठवडाभर एक वही ठेवा. रात्री दहाला मीटरचा आकडा लिहायचा आणि सकाळी सहाला पुन्हा. गच्ची पांढरी केल्यावर तसाच उकाड्याचा आठवडा गाठून परत लिहायचं. फरक तिथेच दिसेल. हे काम फेब्रुवारीत उरकलेलं बरं: गच्ची कोरडी असते आणि एप्रिलात कामाला माणूस मिळत नाही.